कमरेचा फोटो

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, जिथे औषधांची रिकामी खोकी रचून ठेवलेली असत, तिथे जाड दाराची एक खोली होती. दारावर लाल दिवा. तो लागला की बाहेरच्या बाकावरची माणसं आपोआप हळू बोलायला लागत, जणू आत कुणी परीक्षेला बसलंय. त्या खोलीत अठ्ठावीस वर्षं एकच माणूस काम करत होता. 'एक्स-रे' म्हणायला लोकांची जीभ वळत नसे, ते आपले 'फोटो' म्हणत. म्हणून फोटो काढणारा तो फोटोभाऊ. नर्सबाई, झाडूवाली, मोठे डॉक्टर, सगळ्यांच्या तोंडी हेच नाव.

फोटोभाऊंचे काही ठरलेले विनोद होते. छातीचा फोटो काढायला आलेला माणूस घाबरून ताठ उभा राहिला की ते म्हणत, "हसलात तरी चालेल, पण दात येणार नाहीत हं फोटोत." आणि 'श्वास रोखा' म्हटल्यावर जो रोखलेला श्वास सोडायचंच विसरे, त्याला सांगत, "आता घ्या की श्वास, फुकट आहे." माणसं हसत, अंग सैल सोडत, आणि फोटो स्वच्छ येई. ह्या स्वच्छ फोटोचा त्यांना फार अभिमान होता. जुन्या काळी, फिल्म अंधाऱ्या खोलीत पाण्यातून काढून चिमट्याला लटकवावी लागे तेव्हासुद्धा, त्यांची फिल्म कधी काळी पडली नाही की धूसर आली नाही.

मात्र फोटो काढायचा आणि वाचायचा नाही, हा त्यांच्या नोकरीचा नियम होता. वाचणं डॉक्टरांचं काम. फोटोभाऊ तो नियम पाळत. पेशंटने कितीही विचारलं तरी म्हणत, "डॉक्टर सांगतील." अठ्ठावीस वर्षांत त्यांनी तो एकदाच ठळक मोडला, आणि तोही सख्ख्या भावासाठी.

हा भाऊ त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, आई शिवणकामात बुडालेली, त्यामुळे धाकट्याला बोट धरून शाळेत नेण्यापासून ते त्याच्या लग्नात उभं राहण्यापर्यंत सगळं फोटोभाऊंनीच केलं. लहानपणी तो एका जागी दोन मिनिटं बसत नसे. जेवतानाही ताटाभोवती फिरायचा. म्हणून त्याचं नाव पडलं भिंगरी, आणि मिशा आल्या तरी ते सुटलं नाही. हा कुठे टिकणार म्हणून घरच्यांना घोर होता. पण विसाव्या वर्षी तो फरशी बसवायचं काम शिकला आणि तिथे असा काही रमला की विचारू नका. सकाळी उकिडवा बसला की संध्याकाळीच उठे. दोरी ताणायची, सिमेंट पसरायचं, फरशी ठेवायची, रबरी हातोडीने चार ठिकाणी टकटक करायची. खोली पुरी झाली की डोळे मिटून अनवाणी चालायचा. कुठे कड पायाला लागली तर ती फरशी उखडून पुन्हा बसवायचा. मालक म्हणायचा, अहो राहू द्या, दिसत नाही. हा म्हणायचा, "दिसत नाही, पण लागते ना."

त्याला बायकोही तशीच मिळाली, कामसू आणि मोजकं बोलणारी. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. त्यांना एक मुलगी झाली, टिंबू. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून टिंबू. भिंगरी कामावरून आला की ती थेट त्याच्या खांद्यावर चढे, आणि हा तिला तसंच घेऊन बाजारात, न्हाव्याकडे, भावाकडे, सगळीकडे हिंडे. फोटोभाऊंच्या घराच्या दारातून आत येताना दोघांना वाकावं लागे, आणि दर वेळी टिंबूचं डोकं चौकटीला लागतं की काय म्हणून फोटोभाऊंची बायको ओरडे. तिला स्वतःचं मूल नव्हतं. टिंबू आली की तिचा सगळा दिवस उजळून जाई.

टिंबू तीन वर्षांची असताना ते झालं. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फरशीची खोकी चढवताना भिंगरीच्या कमरेत उसण भरली. खोकं तिथेच ठेवून तो भिंतीला धरून खाली आला. दोन दिवस घरी पडून राहिला, तिसऱ्या दिवशी एका अंगावर झुकून, पाय घासत, भावाच्या खोलीपाशी आला.

खरं तर पडला-झडला नव्हता, ताप नव्हता, पायांत मुंग्या नव्हत्या. सदतिसाव्या वर्षी, दिवसभर वजन उचलणाऱ्या माणसाची कंबर धरली होती, एवढंच. पण तेव्हाचे मोठे डॉक्टर भले गृहस्थ, कमरेवर हात ठेवलेला माणूस दिसला की त्यांचा हात फोटोच्या चिठ्ठीकडे जाई. फोटोभाऊंनी चिठ्ठी आणली, भावाला टेबलावर झोपवलं, कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. तो कण्हला तसं त्यांचं काळीज हललं. फिल्म धुतली, वाळायच्या आधीच उजेडाच्या पेटीवर लावली, आणि डॉक्टरांची वाट न पाहता भावाला शेजारी उभं केलं.

"हे बघ," ते पेन्सिलीचं टोक फिरवत म्हणाले. "हे पाच मणके. मधे ही मोकळी जागा दिसते ना, तिथे गादी असते. वरच्या सगळ्या ठीक आहेत. ही शेवटची बघ. घासली गेलीय. आणि इथे हाडाला चोच आलीय."

भिंगरी ती चोच टक लावून पाहत राहिला. "मोडेल का रे दादा?"

"जपलं नाहीस तर काही सांगता येत नाही. पायच जायचे एखाद्या दिवशी."

हे शेवटचं वाक्य कुठल्या पुस्तकात नव्हतं, कुठल्या डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी फोटोभाऊंनी एका तरुण गवंड्याचा फोटो काढला होता. परांचीवरून पडलेला, मणक्याचा चुरा, दोन्ही पाय लुळे. तो चेहरा त्यांच्या मनातून कधी गेला नव्हता. भावाचं दुखणं आणि त्याचं दुखणं यांचा काडीचा संबंध नव्हता. पण माया माणसाला नेहमी सगळ्यात वाईट तेवढंच आठवायला लावते, आणि फोटोभाऊ बोलून गेले.

मोठ्या डॉक्टरांनी नंतर फिल्मवर नजर टाकून एका ओळीत लिहिलं, वयाप्रमाणे झीज. पट्टा बांधा, पंधरा दिवस विश्रांती घ्या. ती ओळ भिंगरीने वाचलीच नाही. त्याने फिल्म घरी नेली.

पंधरा दिवसांनी दुखणं पुष्कळ कमी झालं होतं. तो कामावर गेला. पहिल्या तासाभरात सिमेंट कालवायला वाकला आणि कमरेत एक कळ आली, बारीकशी. एरवी त्याने दात खाऊन पुढचं घमेलं उचललं असतं. पण आता त्याला आत काय आहे ते माहीत होतं. ती घासलेली गादी, ती चोच डोळ्यांसमोर उभी राहिली. थापी टाकून तो घरी आला आणि गादीखाली फळी घालून झोपला.

तेव्हापासून त्या घरात चौथं माणूस राहायला आलं: मणका. आज मणका बरा आहे, आज मणक्याने डोकं वर काढलंय. शेजारीपाजारी येता-जाता विचारत, "काय, मणका काय म्हणतोय?" कुणी भेटायला आलं की दारामागच्या पाकिटातून फिल्म निघे, खिडकीच्या उजेडात धरली जाई, आणि भिंगरी बोट ठेवून चोच दाखवी. बरोबरचे कारागीर आधी आठवड्याला यायचे, मग महिन्याला, मग वाटेत भेटले तर. वाकायचं नाही, उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. पट्टा चोवीस तास. एका जागी न बसणारा माणूस, आता त्याला एका जागेवरून हलवायचं म्हणजे दोन माणसं लागत. न हलल्याने अंग आखडलं, आखडल्याने जास्त दुखू लागलं, आणि जास्त दुखलं की त्याला वाटे, चोच वाढली.

मग तो भावाकडे येई. "एकदा पुन्हा काढ ना दादा. बघू या." फोटोभाऊंना नाही म्हणवत नसे. दर दोन वर्षांनी एक फोटो. दर वेळी आधीपेक्षा केसभर जास्त काहीतरी दिसे, कारण माणूस दोन वर्षांनी मोठा झालेला असे. आणि प्रत्येक फोटोनंतर भिंगरी महिनाभर अंथरूण सोडत नसे.

धाकटी कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानात कामाला लागली. दिवसभर उभं राहून ती चादरींच्या घड्या घाली, घरी येऊन पाणी भरी, नवऱ्याचा पट्टा सोडी, पाठीला तेल लावी. तिने कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा फोटोभाऊंच्या बायकोजवळ म्हणाली होती, "माझीही कंबर दुखते वहिनी. पण फोटो काढायला सवड कुठाय?"

टिंबू पाच वर्षांची असताना अंगणाच्या पायऱ्यांवरून पडली. हात मोडला होता, हे नंतर कळलं. भिंगरी आवाज ऐकून भिंत धरत बाहेर आला. पोर खाली पडलेली, कपाळातून रक्त, एक हात वाकडा आणि दुसरा बापाकडे उचललेला. बाप वरच्या पायरीवर उभा. तो वाकला नाही. तो शेजाऱ्यांना हाका मारत राहिला. शेजारीण धावत यायला किती वेळ लागला असेल, चार-पाच मिनिटं. तेवढा वेळ पोर हात वर करून रडत होती आणि बाप तिथेच उभा राहून रडत होता. त्यानंतर टिंबूने त्याच्याकडे कधी हात उचलला नाही. तिने काही बोलून दाखवलं नाही, लहानच होती. पण बूट घालायचे असोत की फळीवरचं पुस्तक काढायचं असो, ती आईची वाट बघत बसे.

अशी अकरा वर्षं गेली.

मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक डॉक्टरीणबाई आल्या. पस्तिशीच्या, भराभर बोलणाऱ्या, चष्मा डोक्यावर विसरून शोधणाऱ्या. दोन महिन्यांत फोटोभाऊंच्या लक्षात आलं की बाहेरचा बाक रिकामा राहतोय. छातीचे, हातापायांचे फोटो पूर्वीसारखेच येत होते. कमरेचे जवळजवळ बंद झाले होते. लोक कुरकुरत येत, "बाईंनी नुसतं तपासलं, चालायला सांगितलं, फोटोच लिहून दिला नाही." फोटोभाऊंना ते लागलं. त्यांना वाटलं, नवीन आहेत, आपल्या खात्यावर विश्वास नाही.

एक दिवस दुपारी ते बाईंच्या खोलीत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की कंबर दुखणाऱ्या माणसाला फोटोशिवाय परत पाठवणं काही बरोबर दिसत नाही. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि सांगितलं की फोटोत हाड दिसतं. स्नायू दिसत नाही, नस दिसत नाही, गादीही दिसत नाही, तिची नुसती रिकामी जागा दिसते. साधी धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत, हिंडत-फिरत राहिलं की उतरते. तिथे फोटो काढून उपचारात काही फरक पडत नाही, उगीच किरणं तेवढी अंगात जातात. कोणी पडलं असेल, ताप असेल, वजन आपोआप उतरत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, हाडं ठिसूळ असतील, तर त्या स्वतःच लगेच तपास लिहितात. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर एक दिवसही थांबत नाहीत, मोठ्या रुग्णालयात धाडतात. त्याच आठवड्यात एक म्हातारी आली होती. खुर्चीत जरा जोरात बसली एवढंच निमित्त, आणि बाईंनी तिला तडक फोटोला पाठवलं होतं. तिचा एक मणका खचलेला निघाला. तो फोटो फोटोभाऊंनीच काढला होता.

"पण झीज तर दिसते ना बाई," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं बघतोय."

बाईंनी दुसऱ्या दिवशी जुन्या कपाटातून दहा फिल्म काढल्या. पाच कंबरदुखीवाल्यांच्या, पाच अशांच्या की ज्यांच्या पोटाचा फोटो मुतखड्यासाठी काढला होता आणि कमरेची काही तक्रार नव्हती. नावांवर कागद चिकटवले. मणके सगळ्यांत दिसतच होते. "कुणाची कंबर दुखत होती तेवढं सांगा."

फोटोभाऊंनी चष्मा पुसला, एकेक फिल्म उजेडावर धरली, अर्धा तास घेतला. दहापैकी चार बरोबर आल्या. बाई एवढंच म्हणाल्या की छापा-काटा केला असता तरी पाच आल्या असत्या. ज्या फिल्मला त्यांनी 'हा बिचारा उठूच शकत नसेल' म्हटलं होतं, ती एका पोहणं शिकवणाऱ्या बाईंची होती.

त्या दिवशी दुपारी पेशंट नव्हते. फोटोभाऊंनी एका नर्सबाईंना बटण दाबायला उभं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच त्या टेबलावर कुशीवर झोपले. हे नियमात नव्हतं, आणि बाई आत्ताच काय सांगत होत्या तेही त्यांना ठाऊक होतं. पण त्यांना राहवलं नाही. मग संगणकाच्या पडद्यावर त्यांनी डाव्या बाजूला भावाचा शेवटचा फोटो लावला, उजव्या बाजूला आपला.

त्यांच्या दोन गाद्या गेल्या होत्या. चोची तीन होत्या. एक मणका दुसऱ्यावरून किंचित पुढे सरकला होता. सत्तावन्नाव्या वर्षी, कधीही कंबर न दुखलेल्या माणसाची ती पाठ. त्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या आजींची गॅसची टाकी दोन मजले चढवून दिली होती.

नर्सबाईंनी विचारलं, "कुणाचा फोटो जास्त वाईट आहे, फोटोभाऊ?" ते पडदा बंद करून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

डॉक्टरीणबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. पेन्सिल, चोच, पाय जातील म्हटलेलं, सगळं. बाई म्हणाल्या की भावाचं दुखणं खोटं नाही, तो ढोंग करत नाही, हे आधी मनात पक्कं करा. भीतीने अंग आखडतं आणि आखडलेलं अंग खरंच दुखतं. त्याला माझ्याकडे आणा, हळूहळू हालचाल सुरू करू, अजून वय गेलेलं नाही. आणि सांगताना जपून सांगा.

कसं जपून सांगायचं, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

फोटोभाऊंनी रजा काढली आणि सकाळी भावाकडे गेले. धाकटी दुकानात होती, टिंबू शाळेत. भिंगरी फळीवर उताणा पडला होता, गुडघ्यांखाली उशी. भावाला अवेळी बघून त्याला वाटलं, काहीतरी वाईट बातमी आहे.

फोटोभाऊंनी स्टूल ओढलं आणि जमिनीकडे बघत सांगायला सुरुवात केली. झीज म्हणजे केस पांढरे होण्यासारखं असतं, चाळिशी-पन्नाशीत बहुतेकांची दिसते. दहा फिल्मची गोष्ट सांगितली. मग आपल्या फोटोची सांगितली. मी सांगितलं ते चुकीचं होतं, म्हणाले. मला ते सांगायचा अधिकार नव्हता, आणि खरंही नव्हतं. पाय जाणार नव्हते. चोचीमुळे मोडणार काहीच नव्हतं.

भिंगरी छताकडे बघत ऐकत होता. मधे एकदा त्याने विचारलं, तुझ्या चोची किती. फोटोभाऊ म्हणाले, तीन. बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, तेवढा आवाज.

मग तो म्हणाला, "टिंबू पडली होती त्या दिवशी. मी तिला उचलू शकलो असतो का?"

फोटोभाऊ ह्याच्यासाठी तयार नव्हते. वाटेत त्यांनी पुष्कळ प्रश्न मनात घोळवले होते. कामाचे, धाकटीच्या कष्टांचे. नाही म्हणणं सोपं होतं. तेवढ्या एका शब्दाने भावाच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. पण एकदा मायेपोटी बोललेल्या वाक्याने काय केलं ते समोर फळीवर पडलेलं होतं.

"दुखलं असतं तुला," ते म्हणाले. "पण उचलू शकला असतास."

भिंगरीने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत गेलं, आणि ते पुसायला त्याने हातही उचलला नाही. फोटोभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो अगदी सावकाश म्हणाला, "दादा, तू जा."

"भिंगरी, ऐक—"

"जा तू. राग नाही करत मी. पण आता मला तुझ्याकडे बघवत नाही."

ते उठले. दारात त्यांनी वळून पाहिलं तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं. कुशीवर वळताना तो कण्हला नव्हता, हे रस्त्यात फोटोभाऊंच्या लक्षात आलं, आणि ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

तीन आठवड्यांनी धाकटी त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली. फोटोभाऊंच्या खोलीकडे दोघं आली नाहीत. बाईंनी त्याला नीट तपासलं, पाय उचलून पाहिले, हातोडीने गुडघे ठोकले, आणि फोटो लिहिला नाही. पहिल्या दिवशी दारापासून कोपऱ्यापर्यंत चालायचं. मग दोन कोपरे. पट्टा आधी दुपारपुरता सोडायचा. दुखेल, बाई म्हणाल्या, पण दुखणं म्हणजे मोडणं नव्हे. ते सोपं नव्हतं. अकरा वर्षं आखडलेलं अंग रोज त्याच्याशी भांडायचं. चार पावलं पुढे, दोन दिवस अंथरुणात, पुन्हा चार पावलं. हे सगळं फोटोभाऊंना धाकटीकडून कळे. ती औषधाच्या खिडकीशी भेटली की दोन वाक्यं सांगून जाई. दारामागचं पाकीट आता तिथे नाही, हेही तिनेच सांगितलं. कुठे गेलं ते तिने विचारलं नव्हतं.

वर्षभरात तो तळ्यापर्यंत जाऊन येऊ लागला. बादली उचलू लागला. फरशीच्या कामावर मात्र गेला नाही. कामं बदलली होती. आता फरश्या दाराएवढ्या मोठ्या आल्या होत्या, सिमेंटच्या जागी पिशवीतला चिकट मसाला आला होता, आणि त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं आता मुकादम झाली होती. एका फरशीच्या दुकानात त्याला काम मिळालं, गिऱ्हाइकांना नमुने दाखवायचं. धाकटी म्हणाली, घरी आल्यावर तो हातांकडे बघत बसतो.

एकदा ती खिडकीशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मग सांगितलं की परवा तो टिंबूजवळ गेला, म्हणाला, ये, तुला उचलून बघतो. टिंबू आता पंधरा वर्षांची, आईपेक्षा बोटभर उंच. ती गोंधळली. हसली नाही, रागावलीही नाही. "कशाला बाबा?" म्हणाली, "मी काय लहान आहे का?" आणि दप्तर घेऊन आत गेली. तो तसाच उभा राहिला, हात पुढे करून. "नंतर मग त्याने ते हात खाली घेतले," धाकटी म्हणाली, आणि औषधाची चिठ्ठी उलगडून पुन्हा घडी घालत राहिली.

"माझ्याबद्दल काही बोलतो का?" फोटोभाऊंनी विचारलं.

"नाही भाऊजी," ती म्हणाली. "तुमचं नाव निघालं की तो उठून बाहेर जातो. पण कुणी तुम्हाला वाईट म्हटलेलंही त्याला चालत नाही."

फोटोभाऊ निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या स्वच्छ फोटोंची तारीफ केली, नर्सबाईंनी त्यांचे विनोद सांगून सगळ्यांना हसवलं, आणि ते खाली मान घालून बसले होते. घरी आता त्यांना वेळच वेळ. दर रविवारी सकाळी ते भावाच्या गल्लीत जात. भिंगरी पायरीवर बसलेला असे. ते कोपऱ्यावर दिसले की उठून आत जाई. ते दाराशी थोडं थांबत, धाकटीच्या हाती फळांची पिशवी देत, टिंबूची चौकशी करत, आणि परत फिरत. बायको म्हणे, कशाला जाता, जीव जळतो तुमचा. ते म्हणत, तो उठून आत जाताना दिसतो ना. किती पटकन उठतो आता.

दुसऱ्या वर्षीच्या एका रविवारी ते कोपऱ्यावर आले तेव्हा भिंगरी उठला नाही. ते जवळ गेले. दोघांच्या मधे तीन पायऱ्या. भिंगरीचे कानशिलावरचे केस पांढरे झालेले त्यांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले. तो रस्त्याकडे बघत होता.

"कंबर बरी आहे," तो म्हणाला.

"बरं," फोटोभाऊ म्हणाले.

त्याने त्यांना वर बोलावलं नाही, आणि त्यांनीही पायरीवर पाय ठेवला नाही. पिशवी कठड्यापाशी ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले. आतून टिंबूने आईला हाक मारल्याचा आवाज आला, मोठ्या मुलीचा आवाज. मग पुढच्या रविवारी येईन, असं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते न म्हणताच ते गल्लीच्या तोंडाकडे चालू लागले.